संग्रहालयाच्या दारात बॅग का काढून घेतात?

पॅरिसच्या लूवर संग्रहालयात १९ ऑक्टोबर २०२५ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, दिवसाढवळ्या चोरी झाली. घरसामान वरच्या मजल्यावर चढवायची यांत्रिक शिडी असलेला ट्रक चोरांनी भिंतीला लावला, अपोलो दालनाची खिडकी कापली, काचेच्या पेट्या फोडल्या आणि आठ मिनिटांच्या आत फ्रान्सच्या राजघराण्यांचे आठ दागिने घेऊन ते दुचाकींवरून पसार झाले. किंमत सांगितली गेली ८ कोटी ८० लाख युरो.

बेळगाव-खानापूरकडच्या घरगुती ग्रुपांवर ही बातमी फिरली तेव्हा तिच्या मागोमाग एक तक्रार हमखास आली. तिकडं चोर शिडी लावून खिडकीतनं आत जातात, आणि आम्हाला मात्र दारातच बॅग काढून ठेवायला लावतात. पोराच्या दप्तरात काय तोफ असते काय?

तक्रार अगदीच बिनबुडाची नाही. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या शाळांच्या सहली निघतात, मे महिन्यात घरोघरची मंडळी विजापूर-बदामी, कोल्हापूर, पुणे, मुंबई, हैदराबाद करून येतात, आणि जवळजवळ प्रत्येक संग्रहालयाच्या दारात तेच घडतं. विजापूरला "ब्याग इल्ले इड्री", कोल्हापूरला "बॅग इथंच ठेवा", मुंबईत नुसतं बोटाने काउंटर दाखवतात. का, ते कुणी सांगत नाही. ते कळलं तर निम्मी चिडचिड जिरते. उरलेली निम्मी मात्र रास्त आहे, आणि तिच्याबद्दल संग्रहालयांना चार शब्द ऐकवायला हवेत.

नियम एक नसतो, तीन असतात

बाहेरून एकच वाटणाऱ्या या नियमात तीन वेगवेगळे नियम दडलेले असतात. पर्स, कमरेचा पाऊच, खांद्याची लहान पिशवी असेल तर ती उघडून पाहतात आणि आत सोडतात, हा पहिला. मधल्या आकाराची बॅग क्लोकरूममध्ये जमा करावी लागते, हा दुसरा. क्लोकरूम म्हणजे सामान ठेवून घेऊन टोकन देणारी खोली, खिडकी किंवा कुलपाच्या कप्प्यांची रांग. तिसऱ्या नियमावरून सगळ्यात जास्त हुज्जत होते: मोठी बॅग आत तर नाहीच, पण जमा करूनही घ्यायची नाही.

परदेशात हा तिसरा नियम सर्रास दिसतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चाकांची सुटकेस आवारातच आणता येत नाही, आणि तिथली क्लोकरूम ४० × ४० × ५० सेंटिमीटरपेक्षा मोठं किंवा ८ किलोपेक्षा जड सामान घेत नाही. लूवरमध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेला प्रवेश नाही. व्हॅटिकनच्या संग्रहालयांत ४० × ३५ × १५ सेंटिमीटरच्या वरची प्रत्येक बॅग जमा करावी लागते. हे आकडे अधूनमधून बदलतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी त्या-त्या संग्रहालयाची वेबसाइट पाहिलेली बरी.

या मापांतला शेवटचा आकडा मात्र नीट पाहा. लूवर आणि व्हॅटिकन दोघांनीही लांबी-रुंदी बऱ्यापैकी मोकळी सोडली आहे, पण जाडी आवळली आहे: २०, १५. मुलाचं रिकामं दप्तर व्हॅटिकनच्या मापात कदाचित बसेल. डबा, बाटली आणि स्वेटर कोंबून फुगलेलं तेच दप्तर बसणार नाही. म्हणजे संग्रहालयाला बॅगेत किती मावतं यापेक्षा ती अंगाबाहेर किती येते याची जास्त फिकीर आहे.

पाठीवरची सॅक आपल्याला दिसत नाही

अथणी-चिकोडीकडे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. वळणावर ट्रॅक्टर व्यवस्थित निघून जातो, पण ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस वळताना आणखी हात-दोन हात जागा झाडत जातो आणि शेजारचा मोटारसायकलवाला त्यात सापडतो. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही, कारण त्याचा अंदाज ट्रॅक्टरपुरता असतो. पाठीवरची सॅक अगदी हेच करते. आपलं शरीर कुठं संपतं हे आपल्याला न पाहता कळतं. दारातून जाताना खांदे आपोआप आक्रसतात. सॅक त्या हिशेबात धरलेली नसते. एखादं चित्र बघून "अगं, इकडं ये" म्हणत माणूस गर्रकन वळतो तेव्हा मागची जवळजवळ फूटभर जागा कुणाच्याच नजरेत नसते.

संग्रहालयातले बरेचसे अपघात असे, कुणाच्याही मनात वाईट नसताना घडतात. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात जानेवारी २००६मध्ये एक माणूस जिन्यावर स्वतःच्या बुटाच्या लेसमध्ये अडखळला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेल्या चीनच्या छिंग राजवटीतल्या तीन फुलदाण्यांचे तुकडे-तुकडे झाले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २०१०मध्ये एका बाईंचा तोल गेला आणि पिकासोच्या एका चित्राला साधारण १५ सेंटिमीटरची चीर पडली. तैवानमध्ये तैपेईच्या एका प्रदर्शनात २०१५ साली बारा वर्षांचा मुलगा अडखळला, आधाराला हात टेकला तो थेट जुन्या इटालियन चित्रावर, आणि कॅनव्हासला भोक पडलं. त्याच्या दुसऱ्या हातात शीतपेय होतं. यांतल्या कुणीही सॅकने काही पाडलेलं नाही, हे खरं. पण नुसत्या माणसाच्या तोल जाण्याने एवढं होतं, तर त्याच्या पाठीवर पाच-सहा किलोचं ओझं लटकवून शेकडो जणांना अरुंद दालनांतून फिरवणं म्हणजे काय, याचा अंदाज येतो.

म्हणूनच काही संग्रहालयं मधला मार्ग काढतात: सॅक आत न्या, पण पाठीवर नको, पुढे छातीशी घ्या किंवा हातात धरा. मुंबईच्या लोकलमध्ये वावरलेल्या आपल्या पोरांना हे सांगावंच लागत नाही.

"मग सगळ्याच वस्तूंना काच का लावत नाहीत?" असं विचारणारे भेटतात. बदामी-ऐहोळेच्या संग्रहालयांतल्या दगडी मूर्ती आणि शिलालेख पेटीत कसे बसवणार? शिवाय काचेवर ट्यूबलाइट चमकते आणि मूर्तीचं कोरीव काम दिसेनासं होतं. संग्रहालयात जायचं ते वस्तू उघड्या डोळ्यांनी पाहायलाच ना?

डब्यातली चपाती आणि छत्रीचं पाणी

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे, पण दारावरचा रखवालदार ते कधीच सांगत नाही. बहुधा त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

विजापूरच्या गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथं शस्त्रं आणि शिलालेख आहेत, तसे गालिचे, हस्तलिखितं आणि लघुचित्रंही आहेत. तलवारीला झुरळ काही करत नाही. गालिचा, कागद, सरस, कातडं हे मात्र किडींच्या दृष्टीने जेवणच. कसर कागद आणि त्याची खळ खाते, लोकरीच्या गालिच्यात बारीक भुंग्यांच्या अळ्या लागतात, वाळवीचं तर सांगायलाच नको. आणि या सगळ्यांना किंवा त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या उंदरांना आत बोलावायला डब्यातून सांडलेला चपातीचा तुकडा आणि चिवड्याचे चार दाणे पुरतात. एका घराचा एक डबा किरकोळ वाटेल. सहलीच्या मोसमात दिवसाला हजार डबे आत गेले तर?

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना 'एकात्मिक कीड व्यवस्थापन' हा शब्द कृषी खात्याच्या मेळाव्यांतून पाठ झालेला आहे: कीड पडल्यावर फवारत बसण्यापेक्षा ती येणारच नाही अशी व्यवस्था करायची. संग्रहालयंही आज हाच शब्द आणि हीच पद्धत वापरतात. त्यांना ती जास्त गरजेची, कारण तीनशे वर्षांच्या हस्तलिखितावर औषध फवारता येत नाही. किडीच्या आधी औषधच शाई खराब करायचं. मग उरतो एकच उपाय, खाण्याची वस्तू दाराबाहेर.

ओलाव्याचंही तसंच. जून ते सप्टेंबर खानापूर-बेळगाव पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते आपल्याला माहीत आहे. कपाटातल्या साड्यांना आणि चामड्याच्या चपलांना पांढरी बुरशी येते. हवेतली आर्द्रता साधारण ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला मोकळं रान मिळतं. त्यात भिजलेल्या छत्र्या, रेनकोट आणि ओल्या बॅगा दालनात आल्या की बंद खोलीतली हवा आणखी जड होते. लाकूड, हस्तिदंत, कापड हे ओल पितात तेव्हा फुगतात, सुकतात तेव्हा आकसतात. असं वारंवार झालं की लाकडावरचा रंग सुटतो, हस्तिदंताला भेगा पडतात. वस्तू आहे त्या स्थितीत शक्य तितकी वर्षं टिकवण्याच्या या सगळ्या खटाटोपाला संवर्धन म्हणतात. बाकी संवर्धनाला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतात, पैसा लागतो. ओली छत्री बाहेर ठेवायला दारात फक्त एक बादली लागते.

साधं पाणी का चालत नाही?

पाण्याच्या बाटलीवरून सगळ्यात जास्त वाद होतात, त्यातून उन्हाळ्यात विजापूरला. पाणी सांडून होणारं नुकसान उघड आहे. गेल्या काही वर्षांत त्यात आणखी एक गोष्ट मिसळली. ऑक्टोबर २०२२मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत पर्यावरणाच्या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी आंदोलकांनी व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावर टोमॅटो सूपचे डबे ओतले. चित्रावर काच होती म्हणून ते वाचलं, चौकटीला थोडी इजा झाली. लूवरमध्ये मोनालिसावर मे २०२२मध्ये केक फासला गेला, जानेवारी २०२४मध्ये सूप फेकलं गेलं. तिथंही काचेने चित्र राखलं. सप्टेंबर २०२४मध्ये नॅशनल गॅलरीत सूर्यफुलांवर पुन्हा सूप उडालं. शेवटी ऑक्टोबर २०२४पासून त्या गॅलरीने आत द्रवपदार्थ आणायलाच बंदी केली. सवलत फक्त बाळाच्या दुधाला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना.

आंदोलन बरोबर की चूक यावर मतं असू शकतात. परिणाम मात्र असा, की बाटलीत पाणी आहे की आणखी काही हे रांगेतल्या हजारो लोकांचं तपासत बसण्यापेक्षा बाटलीच नको, हा सोपा नियम झाला. मला तो आपल्या उन्हाळ्याला जसाच्या तसा लावणं पटत नाही. बाटली काढून घ्यायची असेल तर आत किंवा दाराशी पिण्याच्या पाण्याची सोय करणं हे संग्रहालयाचं काम आहे, आणि ती नसेल तर पर्यटकाने विचारायला अजिबात लाजू नये.

"पण चोर तर खिडकीतून येतो!"

अगदी बरोबर, चोर खिडकीतूनच येतो. किंवा आतलाच असतो. हैदराबादच्या निजाम संग्रहालयातून सप्टेंबर २०१८मध्ये सोन्याचा रत्नजडित जेवणाचा डबा, कपबशी आणि चमचा चोरीला गेला, तो रात्री झरोक्यातून दोरी सोडून. काही दिवसांत चोर सापडले आणि डबा परत आला. शांतिनिकेतनातलं रवींद्रनाथांचं नोबेल पदक मार्च २००४मध्ये गेलं. १९११ साली मोनालिसा चोरीला गेली तेव्हा चोर पूर्वी लूवरसाठी काम केलेला कारागीर होता. सोमवारी, संग्रहालय बंद असताना, त्याने ते चित्र कपड्याखाली लपवून नेलं, आणि ते सापडलं थेट १९१३ साली फ्लॉरेन्समध्ये. यातली एकही चोरी बॅगेच्या नियमाने थांबली नसती.

मग तक्रार करणारे जिंकले? नाही, कारण हा नियम शिडी लावणाऱ्यांसाठी केलेलाच नाही. खिडकीचा गज, रात्रीचा पहारा, गजर, कॅमेरे ही त्यांच्यासाठीची व्यवस्था. ती लूवरमध्ये तोकडी पडली, हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. बॅगेचा नियम धांदरट माणसासाठी आहे आणि क्षणभर मोहात पडलेल्या माणसासाठी आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेच्या काठावर ग्रीक देव, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखाचा व्यापार कुठवर होता त्याचा हातात धरता येईल असा पुरावा. मूर्ती वीतभरही नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातली मोहेंजोदडोची जगप्रसिद्ध नर्तकी तर जेमतेम १०.५ सेंटिमीटर उंच आहे. नाणी, मण्यांच्या माळा, ताम्रपट, लघुचित्रं, हस्तलिखिताचं सुटं पान, आपल्या संग्रहालयांतल्या अनमोल वस्तू बहुतेक अशाच असतात, दप्तरात सहज मावणाऱ्या. हातात बॅग नसलेल्या माणसाला अशी वस्तू लपवायला जागाच कमी उरते.

बॅग आत न्यायला मनाई आहे म्हणजे आपल्याकडे चोर म्हणून बघतात, असं मनाला लावून घेणारे आपल्यात बरेच आहेत. पण मोठ्या संग्रहालयांत तिथल्या कर्मचाऱ्यांच्या बॅगाही तपासल्या जातात. हस्तलिखितांच्या वाचनकक्षात तर नावाजलेले प्राध्यापकसुद्धा पिशवी बाहेर ठेवून, पेन्सिल आणि कोरा कागद घेऊन आत बसतात.

छोट्या संग्रहालयाचा नियम मोठ्यापेक्षा कडक का?

मुंबईच्या किंवा दिल्लीच्या भल्यामोठ्या संग्रहालयात पर्स तपासून आत सोडतात, आणि तालुक्याच्या गावातल्या दोन खोल्यांच्या संग्रहालयात रुमालाएवढी पिशवीही चालत नाही. हा उफराटा न्याय वाटतो. हिशेब साधा आहे: तपासण्याची सोय जितकी कमी, तितका नियम कडक. बॅग पाहून सोडायची तर क्ष-किरण यंत्र लागतं, ते चालवणारा माणूस लागतो, बाईमाणसांच्या पर्स तपासायला महिला कर्मचारी लागते, आत प्रत्येक दालनात नजर ठेवायला एकेक जण लागतो. ज्या संग्रहालयात तिकीट फाडणारा, दिवे लावणारा आणि पहारा देणारा हा एकच इसम असतो, तो काय करणार? तो सगळ्यांनाच "बाहेर ठेवा" म्हणतो.

कधीकधी एकाच संग्रहालयाचा नियम अचानक आवळला जातो, त्याचंही कारण असतं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४पासून साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. आपल्या भागातूनही लोक गाड्या करून ती पाहायला गेले. अशी उसनी वस्तू आली की तिच्याबरोबर प्रकाश, तापमान, पेटी, पहारा यांच्या अटीही येतात, कारण वस्तू परक्याची आणि विमा मोठा. त्या काळात गेल्या वेळी चाललेली बॅग या वेळी चालली नाही, तर रखवालदाराशी वाद घालून उपयोग नाही.

"बॅग हरवली तर जबाबदार कोण?"

इथून पुढची चिडचिड मात्र रास्त आहे. जमा करण्याची सक्ती आहे, पण काउंटर म्हणजे उन्हात मांडलेलं एक टेबल, टोकन नाही, कप्पा नाही, आणि भिंतीवर पाटी: 'सामानाची जबाबदारी संस्थेवर नाही'. अशी ठिकाणं मी पाहिली आहेत, तुम्हीही पाहिली असतील.

ती पाटी कायद्यापुढे किती टिकते? १८७२च्या भारतीय करार कायद्यात या व्यवहाराला जागा आहे. एखाद्या कामापुरती वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात दिली आणि काम झाल्यावर ती परत मिळणार अशी बोली असली, की कलम १४८ लागू होतं. कलम १५१ सांगतं की ताबा घेणाऱ्याने त्या वस्तूची तितकी काळजी घेतली पाहिजे, जितकी साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. हे अशा सगळ्याच व्यवहारांना लागू आहे, म्हणून 'आम्ही पैसे कुठं घेतो?' ही सबब चालत नाही.

पाटीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच उपयोगी पडतो. १९९८ साली दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याने गाडी आणि किल्ली हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगसाठी दिली आणि गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. नोव्हेंबर २०१९मध्ये न्यायालयाने सांगितलं की एवढं छापल्याने हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. ताब्यात घेतलेली वस्तू हरवली तर आपण योग्य ती काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवायचं. तो खटला गाडीचा होता, दप्तराचा नाही. पण ज्या तत्त्वावर तो निकाल उभा आहे, ते टेबलावर बॅग ठेवून घेणाऱ्या संस्थेलाही लागू पडतं असं मला वाटतं. बॅग मागून घेतली की ती सांभाळणं आलंच. टोकनांचा एक जुडगा आणि लोखंडी फळ्यांचं कपाट, एवढा खर्च कुठल्याही संग्रहालयाला झेपतो.

कायदा बाजूने असला तरी व्यवहार निराळा. बॅग ताब्यात दिली होती हे टोकनाने सिद्ध होईल. त्यात मंगळसूत्र होतं हे कशाने सिद्ध करणार? म्हणून पैसे, दागिने, ओळखपत्र, परदेशात असाल तर पासपोर्ट आणि मोबाइल अंगावरच ठेवा. टोकनाचा एक फोटो काढून ठेवा. टोकन हरवलं तर बॅगेत काय-काय आहे ते सांगून, ओळखपत्र दाखवून, बरेचदा बाकीची गर्दी गेल्यावरच बॅग हाती येते. टोकन मिळत नसेल तर निदान वहीत नाव आणि वेळ लिहून घ्यायला सांगा, आणि कुलूप स्वतःचं लावा.

औषध, बाळ, काठी

मधुमेहाच्या माणसाला गोळ्या आणि साखर जवळ हवीच, दम्याच्या माणसाला पंप हवा, तान्ह्या बाळाला दूध हवं. बंदी कितीही कडक असली तरी यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, फक्त ती मागावी लागते आणि बॅग उघडून दाखवावी लागते. औषधाची मूळ पट्टी किंवा डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असली की बोलणं दोन वाक्यांत संपतं. चालायला काठी लागत असेल तर तीही आत नेता येते. टोकाला रबर असलेली असावी. लांब टोकदार छत्रीला मात्र काठी म्हणून खपवता येत नाही.

कॅमेऱ्याचा नियम बॅगेपेक्षा वेगळा असतो आणि प्रत्येक ठिकाणचा निराळा. कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यात आत फोटो काढू देत नाहीत. कुठे मोबाइल चालतो पण फ्लॅश नाही. कुठे कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट. तिकीट काढतानाच विचारलेलं बरं, म्हणजे कॅमेरा बॅगेत ठेवून बॅग जमा करायची की गळ्यात अडकवायचा ते ठरतं.

रात्रीच्या बसने पोचणाऱ्यांचं काय?

आपली खरी अडचण ही आहे. बेळगावहून रात्रीची बस किंवा रेल्वे धरायची, पहाटे पुण्या-मुंबईत उतरायचं, दिवसभर फिरून पुन्हा रात्रीची गाडी, हा आपल्याकडचा नेहमीचा बेत. लॉज घेतलेलं नसतं. बरोबर कपड्यांची बॅग, आणि पाहुण्यांसाठी कुंद्याचे डबे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय उघडतं सव्वादहाला. कपड्यांची बॅग घेऊन तिथं थेट गेलात तर क्लोकरूमच्या फळीवर ती मावेल की नाही, हा तुमच्या नशिबाचा प्रश्न.

रेल्वेने आला असाल तर मोठ्या स्थानकांवरची क्लोकरूम सगळ्यात सोयीची. तिथं प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप असावं लागतं. बिनकुलपाची बॅग घेत नाहीत. बसने आलेल्यांकडे रेल्वेचं तिकीट नसतं. त्यांनी परतीची बस जिथून सुटते त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात विचारावं, बरेच जण सामान ठेवून घेतात. काही तासांपुरती खोली देणारी लॉजही स्टँडच्या आसपास असतात. आंघोळ होते, बॅग राहते. ज्या हॉटेलातून सकाळी खोली सोडली, ते संध्याकाळपर्यंत सामान सांभाळतं, पण खोली सोडतानाच तसं सांगायला हवं.

परदेशात आणखी एक मेख आहे: आत जायचं दार आणि बाहेर पडायचं दार एक नसतं. व्हॅटिकनमध्ये बॅग जमा होते प्रवेशाशी, आणि लांबलचक दालनं तुडवत माणूस शेवटी सिस्टाइन चॅपेल या चित्रांसाठी प्रसिद्ध प्रार्थनागृहात पोचतो. बॅग ठेवली असेल तर पुन्हा मूळ दाराकडे यावं लागतं, थेट सेंट पीटर्स या मोठ्या चर्चकडे निघता येत नाही. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर त्या दिवशी बॅग हॉटेलातच राहू द्यावी.

शाळेच्या सहलीला तर दप्तरं बसमध्येच हवीत. ५० मुलांची ५० दप्तरं, एकेकाला अर्धा मिनिट धरला तरी जमा करायलाच २५ मिनिटं, तेवढीच परत घ्यायला. गोलघुमटाला वर घुमणाऱ्या सज्जाकडे जाणारा कोपऱ्याच्या मनोऱ्यातला जिना अरुंद आहे, तिथंही पाठीवरचं दप्तर मागच्या पोराच्या तोंडावर येतं. सरांनी बसमधून उतरण्याआधीच डबे-बाटल्या आत ठेवायला सांगावं, पाणी पाजून घ्यावं, आणि ड्रायव्हरमामांना बसपाशीच थांबवावं. वारही बघून ठेवावा: नगारखान्यातलं ते संग्रहालय आणि हैदराबादचं सालारजंग शुक्रवारी बंद असतं, दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी.